भट्टी ताप धरत नाही

सोनई,
९ ऑक्टोबर १९९६

दादा,

जय भीम. आधी चांगली बातमी सांगते, नाहीतर माझं पाकीट बघूनच तू घाबरशील. अण्णा बोलले. नगरच्या दवाखान्यातून त्यांना माझ्याकडे आणल्यापासून नुसतं 'अं, अं' चाललं होतं, ते तुला ठाऊकच आहे. परवा सकाळी मी त्यांना चहात पाव बुडवून भरवत होते. इथल्या कॉलनीतल्या दुकानातला पाव. त्यांनी तो जिभेवर फिरवला आणि थुंकून टाकला. मग वाकड्या तोंडाने, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "ह्यो पाव न्हाई. भट्टी चालू हाय का?"

मी आधी रडले, मग हसले. अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाला लेक आठवत नाही, जावई आठवत नाही, आधी भट्टी आठवते. मी सांगितलं, चालू आहे, दादा बघतो. तर म्हणाले, "मंग तिचा पाव आन."

तर आता तू एवढं कर. आपल्या भट्टीतले डझनभर पाव कुणाबरोबर तरी नगरला धाड, हे स्टँडवर येऊन घेतील. शिळे झाले तरी चालतील. आणि खरं म्हणजे तूच घेऊन ये. आम्ही त्यांना इकडे आणलं तेव्हापासून तू एकदाही फिरकला नाहीस. लेकीच्या घरी पडून राहावं लागतंय, याची अण्णांना लाज वाटते. कुणी पाहुणा आला की भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टर म्हणतात, थंडी सरेपर्यंत हलवू नका. पण मुलगा दिसला तर जरा धीर येईल त्यांना.

यांच्या कारखान्याच्या ऑफिसात फोन करू नकोस. अण्णांचं बोलणं फोनवर कुणाला कळायचं नाही, आणि परक्याच्या टेबलापाशी उभं राहून मलाही काही बोलता येत नाही. पत्रच लिही. मी त्यांना वाचून दाखवीन.

वृषालीवहिनीला जय भीम.

तुझी शुभा


काष्टी,
१६ ऑक्टोबर १९९६

शुभे,

तुझं पत्र वाचून वृषाली ओरडलीच, "अण्णा बोलले!" लगेच शेजारच्या केशरबाईंना सांगून आली. मलाही आनंद झाला, पण पत्र खिशात घालून दोन दिवस नुसता फिरत राहिलो. पाव कुठून पाठवू?

भट्टी ताप धरत नाही. बाभळीचं सरपण पूर्वीसारखं मिळत नाही, म्हणून हल्ली भुशाच्या कांड्या येतात त्या जाळतो. उसाची चिपाडं आणि शेंगांची टरफलं दाबून केलेल्या, मनगटाएवढ्या जाड. भडकन पेटतात, पण पहिली खेप बाहेर काढेपर्यंत भट्टी गार. धूर धुराड्यातून वर जायचा सोडून तोंडातून मागे येतो. पाव पांढरेफटक राहतात. असला पाव पाठवला तर अण्णा तिथून मला चप्पल फेकून मारतील.

तोवर बाहेरून पाव आणून दुकान चालवतोय. भट्टी ताळ्यावर आली की पहिली खेप सोनईला. माझ्या येण्याचं म्हणशील, तर शनिवारचा बाजार सोडून निघता येत नाही आणि बाकीचे दिवस भट्टीच्या मागे जातात. अण्णांना सांग, काळजी करू नका. रंगनाथदाजींना जय भीम.

योगेश


सोनई,
२३ ऑक्टोबर १९९६

दादा,

काळजी करू नका म्हणे! तुझं पत्र वाचलं आणि अण्णांनी मला पाठीला उशी लावायला लावली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा माणूस बसला. पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. एखादा शब्द मला कळला नाही की डाव्या हाताने खाटेवर थापा मारायचे. त्यांचं बोलणं आहे तसं लिहिते:

"कांडीला नाव ठिवू नको. कांडी जळती, पर तिचा निखारा ऱ्हात न्हाई, राख हुती. राख लादीवर साचली की ताप खाली उतरत न्हाई. दर खेपंला राख वढून काड. धूर मागं येतोय म्हंजी धुराडं तुंबलंय. चिंध्यांचा बोळा दोरीला बांदून वरनं सोड. आन तोंडाचं झाकन घट बसतंय का बग. फटीतनं लई ताप जातो."

एवढं सांगून दमले आणि शांत झोपले. असे झोपलेले मी कितीतरी दिवसांनी पाहिले.

दादा, आपण त्या भट्टीच्या उबेला वाढलो, पण ती अण्णांची काय आहे हे मला इथे बसून कळलं. काल अण्णा यांना सांगत होते. पुण्याला कॅम्पातल्या बेकरीत काम शिकून काष्टीला आले, आईने डोक्यावरून माती वाहिली आणि दोघांनी मिळून घुमट उभा केला. सुरुवातीला गावातलं कुणी पाव घेईना. ज्यांच्या दारात अण्णांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते अण्णांच्या हातचा पाव कसा खातील? मग बाजाराला बैल घेऊन आलेल्या परगावच्या लोकांनी घेतला. वास गावभर गेला. हळूहळू सगळेच 'रखमाजीचा पाव' मागत दारात यायला लागले. तेव्हा अण्णांनी ठरवलं, पाव फळीवर ठेवायचा नाही, घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. त्याने हात पुढे केला पाहिजे. हे सांगताना त्यांचा वाकडा ओठसुद्धा सरळ झाल्यासारखा वाटला मला.

धुराडं साफ कर आणि लगेच कळव. रोज दुपारी पोस्टमनची वाट बघतात.

शुभा


काष्टी,
१ नोव्हेंबर १९९६

शुभे,

धुराडं साफ केलं. इतकी काजळी निघाली की वृषालीने मला दारातच ओळखलं नाही. आता धूर सरळ वर जातो, अण्णा बरोबर होते. पण आता वेगळंच झालंय. पाव खालून करपतात आणि वरून कच्चे राहतात. ताप मात्र अजून टिकत नाही. यावर काय करायचं ते विचार.

हातात पाव द्यायचा नियम मला माहीत होता. त्यामागचं माहीत नव्हतं. लहानपणी मी फळीवर पाव ठेवला की अण्णा टपली मारायचे आणि नुसतं "हातात दे" म्हणायचे. मला वाटायचं, फळी खराब होते म्हणून. त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

त्यांना माझा नमस्कार सांग.

योगेश


सोनई,
९ नोव्हेंबर १९९६

दादा,

तू तिथे भट्टी दुरुस्त करतोयस आणि इथे अण्णा दुरुस्त होतायत. तुझं पत्र ऐकून त्यांनी माझ्याकडे कणकेचा गोळा मागितला. ताटात डाव्या हाताने घुमट करून दाखवला आणि उजवा हात, जो मेल्यासारखा पडून होता ना, तो उचलून त्या घुमटावर ठेवला. डॉक्टरांनी पाहिलं तर म्हणाले, आता रोज मळायला द्या. आमच्या घरी सध्या पोळ्यांच्या आधी भट्ट्या होतात.

त्यांचं म्हणणं असं: "खालनं करपतंय म्हंजी लादी तापती. वरनं कच्चं म्हंजी घुमट ताप सोडतोय. घुमटावरची माती धुपली आसंल. राख आन माती कालवून हातभर जाड थर दे. वर पोतं टाक. भट्टी म्हंजी नुसती आग न्हाई, आग इझल्यावर काय ऱ्हातं ती भट्टी."

दादा, तुझ्या पत्रांनी जे झालं ते गोळ्यांनी झालं नाही. लिहीत राहा. पण आता एक दुसरंच सुरू झालंय. रोज सकाळी उठले की म्हणतात, "मला घरी न्या. मी आत हात घालून सांगतो काय झालंय." मी थंडीचं कारण सांगते. तू येऊन जा रे एकदा. तुला बघितलं की थोडे दिवस तरी गप्प बसतील.

शुभा


काष्टी,
२० नोव्हेंबर १९९६

शुभे,

घुमटावर थर दिला, पोतं टाकलं. वरची बाजू आता छान लाल होते, पण लादीच गार पडली आहे आणि पाव खालून कच्चे. एक धरावं तर दुसरं सुटतं. ताप तासभरसुद्धा राहत नाही.

अण्णांना इतक्यात घरी आणायचं नको. डॉक्टर नको म्हणतात ते आहेच, पण भट्टी अशी असताना त्यांना दाखवायची कशी? जीव तुटेल त्यांचा. आधी ती नीट होऊ दे. मी पण लगेच येऊ शकत नाही. तुला राग येईल, ते मला कळतं.

त्यांचा उजवा हात हलला हे वाचून मी दुकानातच रडलो. गिऱ्हाईक समोर उभं होतं.

योगेश


सोनई,
२९ नोव्हेंबर १९९६

दादा,

या वेळी तुझ्या पत्राने चांगलं झालं नाही. ऐकून झाल्यावर अण्णा म्हणाले, "आदीचं काड." मी तुझी आधीची दोन्ही पत्रं काढून वाचली. "खालनं करपतंय आसं लिवलं हुतं न्हवं? मंग आता खालनं कच्चं कसं? घुमटावर माती टाकली तर लादी गार पडती व्हय?" मी म्हणाले, दादा बघतोय तेच लिहितोय. तर म्हणाले, "मंग माजंच डोस्कं गेलं. मला भट्टी कळंना."

त्या दिवसापासून कणकेला हात लावलेला नाही. ताट समोर ठेवलं तर सरकवून देतात. झोप नाही. पडल्या पडल्या पुटपुटत असतात, लादी, घुमट, धुराडं, आणि पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यभर जे एक काम त्यांना येत होतं, तेच आता येईना असं त्यांना वाटतंय, आणि हे मला बघवत नाही. काहीही कर, कुणा मिस्त्रीला बोलाव, पण एकदा 'ताप धरला' म्हणून कळव. म्हणजे त्यांना झोप लागेल.

हे पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला नगरला जाणार आहेत. अण्णांनी त्यांना गळ घातली आहे, तिथून काष्टीला जाऊन भट्टी बघून या म्हणून. शनिवारी येतील. वहिनीला सांग, जेवायलाच थांबतील.

शुभा


सोनई,
१२ डिसेंबर १९९६

दादा,

हे येऊन गेले ते तुला कळलंच नसेल, कारण हे तुमच्या दारातून परत फिरले. माझं पत्र पोचलं नव्हतं की पोचून तू घरी थांबला नाहीस, ते तुझं तुला ठाऊक. बाजाराच्या दिवशीही तू दुकानात नव्हतास, वहिनीही नव्हती. मागच्या बाजूला भट्टी बघायला गेले तर तिथे पत्र्याचं शेड, खाली फरशी आणि पावांचे क्रेट रचलेले. शहरातल्या कुठल्यातरी बेकरीचे, कागदात गुंडाळलेले पाव. भट्टीची एक वीटसुद्धा नाही. केशरबाई म्हणाल्या, गणपतीच्या सुमारालाच पाडली.

म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच भट्टी नव्हती. नसलेल्या भट्टीचं धुराडं तू साफ केलंस आणि वहिनीने तुला ओळखलं नाही! मी ते हसत हसत वाचून दाखवलं होतं रे. अण्णाही हसले होते. तुला जे सुचेल ते तू लिहीत गेलास, एकदा खालून करपलं, एकदा खालून कच्चं, आणि ते बिचारे खाटेवर पडून त्याचा मेळ घालत बसले. तो बसेना तर स्वतःला वेडे समजायला लागले.

मला तुझा भयंकर राग आलाय. आणि त्याहून वाईट म्हणजे मीही खोटं बोलले. अण्णांना सांगितलं, यांना नगरहूनच परत यावं लागलं. ते नुसतं म्हणाले, "घरी न्या."

तू ये आणि तुझ्या तोंडाने सांग. मी यापुढे तुझं एकही खोटं वाचणार नाही.

शुभांगी


काष्टी,
१८ डिसेंबर १९९६

शुभे,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी पाडली. नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता हे पुन्हा उभे राहून काम करणार नाहीत. मला ती भट्टी कधी आवडली नाही, हे तुलाही माहीत आहे. अण्णांचा खोकला, हातावरचे डाग, आईचे धुराने गेलेले डोळे, हेच मला त्या घुमटात दिसायचं. वाटलं, सुटलो. तयार पावाची एजन्सी मिळत होती, जागा हवी होती. वृषाली दोन दिवस जेवली नाही, तरी मी ऐकलं नाही. अण्णा पुन्हा बोलतील आणि पहिला शब्द 'भट्टी' म्हणतील, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

तू पाव मागितलास. नाहीत म्हणायला कारण हवं, म्हणून लिहिलं की ताप धरत नाही. एवढंच एकदा लिहायचं होतं. पण तू लिहिलंस, अण्णा उठून बसले. मग तू लिहिलंस, हात हलला. आता तूच सांग, मी कसा थांबणार होतो? भट्टी नीट झाली असं लिहिलं असतं तर अण्णांनी विचारायचं थांबवलं असतं, नाहीतर लगेच घरी यायला निघाले असते. ते वेडेपिसे होतील हे मला कळलं नाही. मला भट्टीतलं काही कळतच नव्हतं, म्हणून ती पत्रं अशी झाली.

येऊन सांगायची हिंमत मला होत नाही. त्याऐवजी मी बांधतोय. शेड काढलं. विटा आल्यात, जामखेडकडचा एक मिस्त्री आलाय, वृषाली माती मळतेय. त्याच जागी, तेवढ्याच आकाराची. पूर्ण झाली की गाडी घेऊन येतो आणि अण्णांना घरी नेतो. त्यांची नजर आता अधू झाली आहे, त्यांना फरक कळायचा नाही. तोवर थोडं सांभाळून घे. हे शेवटचं मागतो.

योगेश


सोनई,
४ जानेवारी १९९७

दादा,

सांभाळून घेतेय, पण लवकर कर. अण्णांना नाताळच्या आसपास पुन्हा एक बारीक झटका आला. बोलणं आहे, पण खाणं फार कमी झालंय. डॉक्टर आता थंडीचं नाव काढत नाहीत. परवा यांना म्हणाले, घरी न्यायचं असेल तर न्या. म्हणजे काय ते तू समजून घे.

"योगेशचं पत्र न्हाई आलं?" असं रोज विचारतात. मी सांगते, टपाल बंद आहे. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण घुमट कुठवर आला ते कळव.

शुभा


काष्टी,
२१ जानेवारी १९९७

शुभे,

घुमट पुरा झाला, आणि आता कुणावर हसावं कळत नाही. भट्टी ताप धरत नाही. खरंच धरत नाही. मिस्त्री बांधून आपल्या गावी गेला, आणि जी तऱ्हा मी तीन पत्रांतून बनवून लिहीत होतो ती आता माझ्यापुढे उभी आहे. अण्णांची जुनी उत्तरं काढून बघितली. एकही लागू पडत नाही, कारण प्रश्नच खोटे होते. अण्णांशिवाय हे कुणाला विचारणार? सोबतचा दुसरा कागद त्यांना वाचून दाखव. नवी आहे हे मात्र सांगू नकोस. ही चालली की दुसऱ्या दिवशी मी तिथे.

(दुसरा कागद)

अण्णा, सकाळी भट्टीच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचे थेंब दिसतात. घुमटावरचं पोतं ओलं होतं. जाळ घातला की वाफ निघते आणि विटांवर पांढरं मीठ फुटतं. कांड्या कितीही घातल्या तरी एक खेपसुद्धा भाजून निघत नाही. धुराडं साफ आहे, झाकण घट्ट आहे, राख काढतो. विटांच्या सांध्यातली माती नखाने निघते. काय करू?


सोनई,
२७ जानेवारी १९९७

दादा,

तुझा कागद वाचून दाखवला. तू सांगितलंस तसंच, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. थेंबांचं वाचलं तेव्हा डोळे उघडले. पुन्हा वाच म्हणाले. सांध्यातली माती नखाने निघते हे वाचलं, तेव्हा विचारलं, "नखानं?" मी म्हटलं, हो. मग ते इतके खूश झाले, दादा! माझा हात धरला. "आता कसं नीट लिवलंय पोरानं. समदं एकमेकाला धरून हाय. माजं डोस्कं ठिकानावर हाय, शुभे. मला कळलं काय झालंय." मलाही इतकं बरं वाटलं की मी यांना हाक मारली, या, ऐका, अण्णांना सापडलं.

आणि ते समजावून सांगायला लागले. "पानी सुटतंय ते भट्टीचं न्हाई, मातीचं हाय. ती वल्ली हाय. जळनाचा समदा ताप पानी वाळवन्यात चाललाय, तर भट्टीला काय ऱ्हानार? नव्या भट्टीला आसाच घाम येतो. जुन्या भट्टीतली माती भाजून इटंवानी हुती, नख लागत न्हाई तिला. ही तर नवी..."

तिथे थांबले. माझा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी सोडला. माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. म्हणाले, "मंग माजी कुटं हाय?"

मी तुझ्या कागदाची घडी घालायला लागले. हे खाली बघत राहिले. आमच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. भिंतीकडे वळले ते दुपारी जेवायलाही उठले नाहीत.

संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. "लिव," म्हणाले. "न्हाईतर त्यो घाईनं जाळ घालंल आन घुमट फुटंल." आणि लिहून घेतलं. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होते.

"रोज थोडा जाळ घालायचा. आदी नुसती चिपाडं, मंग कांडी, मोटं लाकूड न्हाई. झाकन उगडं ठिवायचं, वाफ जाऊ द्यायची. रोज वाईच वाडवायचा. पोतं ओलं व्हायचं थांबलं की समज वाळली. म्हयना लागंल, जास्त बी लागंल. मधी पाव टाकायचा न्हाई. घाई करायची न्हाई."

तर हे तुझं उत्तर. या वेळचा प्रश्न खरा होता, म्हणून उत्तरही बरोबर असणार.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून अण्णा 'घरी न्या' असं एकदाही म्हणालेले नाहीत. तू आता नाही आलास तर मी तुला भाऊ म्हणणार नाही.

शुभा


काष्टी,
९ मार्च १९९७

शुभे,

अण्णांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून तुम्ही परत गेलात. इतके दिवस एका घरात होतो, पण आपण दोघं भट्टीबद्दल एक शब्द बोललो नाही. पत्रातच बोलायची सवय लागली बहुतेक आपल्याला.

तुझं पत्र मिळालं तसा मी जीप घेऊन सोनईला आलो, ते तू पाहिलंस. तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा काय झालं ते सांगतो. मी अण्णांच्या पायाशी बसलो होतो. वाटलं होतं शिव्या देतील. त्या मी खाल्ल्या असत्या. त्यांनी विचारलं, "ताप धरायला लादीखाली मीठ किती घातलं?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मी म्हणालो, "अण्णा, गाडी आणलीय. घरी चला." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वाळू दे आदी."

मी एकटाच परत आलो, आणि त्यांनी सांगितलं तसंच केलं. रोज थोडा जाळ, झाकण उघडं. कितीदा मनात आलं, एकदाच भडकावून द्यावी, काय व्हायचं ते होऊ दे, आणि त्यांना घेऊन यावं. पण त्यांना न विचारता आधी एकदा घाई केली त्याचं काय झालं ते बघितलं होतं, म्हणून दम धरला. पोतं अजून दमट लागत होतं, तेवढ्यात केशरबाईंकडे दाजींचा फोन आला, अण्णा गेले. अण्णांना घरी आणलं ते तेव्हा.

'वाळू दे' हे ते रागाने म्हणाले, की खरंच वाळायची वाट बघत होते, हे मला कळलेलं नाही. मागाहून तुझ्याशी काही बोलले असतील तर लिही. काही बोलले नसतील तर तसंही लिही. माझ्या समाधानासाठी काही रचू नकोस.

काल भट्टीने ताप धरला. सकाळी जाळ काढून घेतला तर संध्याकाळची खेपही त्याच तापावर निघाली, खालून-वरून सारखी. वृषाली म्हणाली, शुभाताईंना कळवा. मी कागद घेतला आणि सवयीने 'अण्णांना वाचून दाखव' असं लिहून गेलो. तो कागद फाडला, हा दुसरा आहे.

नोव्हेंबरात तू लिहिलं होतंस, एकदा 'ताप धरला' म्हणून कळव, म्हणजे त्यांना झोप लागेल. मी कळवलं नाही. इतकं खोटं लिहिलं, त्यात तेवढं एक लिहायला काय झालं होतं मला.

योगेश